सुई आणि थट्टा

थट्टा करण्याचा अधिकार प्राध्यापकास पगाराबरोबरच मिळतो, अशी आमची पुष्कळ वर्षांची समजूत होती. समोर शंभर मुलें बसलेलीं असतात. तीं हसलीं म्हणजे तास चांगला झाला असें आपण घरीं येऊन सांगतों. आणि हळू हळू घरींहि आपण वर्गांतच उभे आहों असें वाटूं लागतें. आमच्या घरच्या वर्गास सुटी क्वचितच मिळते.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेस असाच वर्ग भरला होता. धाकटी बहीण, तिचे यजमान, त्यांची कन्या म्हणजे आमची भाची, आमचे दोघे पुतणे व त्यांचीं मुलें अशी मंडळी पानांवर बसली होती. भाची चौतीस वर्षांची आहे. एका बँकेंत अधिकारी आहे. पुऱ्या येत असतां तिनें सहज विचारल्यासारखें विचारलें, "मामा, हल्लीं गालांत आणि ओठांच्या कडेला सुईनं कांहीं भरतात; त्यानं रेघा जातात म्हणे. तुमच्या कॉलेजांत कुणी केलंय का हो?"

हा प्रश्न सहज नव्हता, हें आज कळतें. त्या वेळीं आम्हांस त्यांत फक्त विनोदाची संधि दिसली. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाजवळ इंग्रज सरदारघराण्यांतल्या भानगडींचा साठा असतोच. आम्हीं लगेच ग्लॅडिस डीकनची गोष्ट काढली. ही अमेरिकन तरुणी १८८१ सालीं पॅरिसांत जन्मली, आणि रूपानें एवढी विख्यात झाली कीं त्या काळचे मोठमोठे लेखक व चित्रकार तिच्याभोंवतीं घोटाळत असत. पण आपलें नाक ग्रीक पुतळ्याप्रमाणें कपाळापासून सरळ उतरावें, असा तिला ध्यास लागला. आणि ऐन विशींत तिनें नाकाच्या दांड्यावर पॅराफिनचें मेण टोचून घेतलें. तें मेण जागेवर राहिलें नाहीं. कालांतरानें खालीं सरकत हनुवटीपाशीं उतरलें, असें सांगतात. १९२१ सालीं ती मार्लबरोची डचेस झाली, ती हा असाच चेहरा घेऊन. मेण कसें उतरलें तें आम्हीं नाकापासून हनुवटीपर्यंत बोट फिरवून करून दाखविलें, आणि "भरावाचीं कामें म्युनिसिपालिटीकडेच असूं द्यावींत" अशी पुस्ती जोडली. सगळे हसले. भाचीहि हसली, आणि तिनें श्रीखंड नको म्हणून पानावर हात आडवा धरला.

त्यानंतर महिन्याभरानें एका रविवारीं सकाळीं आठाच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. दारांत भाची एकटीच उभी होती. अर्धें तोंड ओढणीनें झांकलेलें. आंत येऊन बसण्यापूर्वींच ती म्हणाली, "मामा, हसूं नका." मग तिनें ओढणी बाजूस केली. उजव्या नाकपुडीच्या बगलेस व खालच्या बाजूला ओठापर्यंत कातडीवर जांभळट जाळें उठलें होतें. संगमरवरी फरशींत शिरा दिसतात तसें. त्या जाळ्याच्या मधोमध एक निस्तेज पांढुरका डाग होता.

हकीकत थोडक्यांत अशी. आदल्या दिवशीं दुपारीं ती एका ब्यूटी पार्लरमध्यें गेली होती. तेथें दिवाळीनंतरची सवलत चालू होती, आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी रेघ वीस मिनिटांत नाहींशी होईल असें तिला सांगण्यांत आलें होतें. सुई धरणाऱ्या बाई डॉक्टर नव्हत्या. कसल्याशा तीन दिवसांच्या शिक्षणाचें चौकटींत घातलेलें प्रशस्तिपत्र मात्र भिंतीवर होतें. डाव्या बाजूस कांहीं झालें नाहीं. उजव्या बाजूस सुई शिरतांच फार दुखलें आणि कातडी खडूसारखी पांढरी पडली. "होतं असं," बाई म्हणाल्या; त्यांनीं बर्फ लावून दिला व पुढील गिऱ्हाइकास बोलाविलें. रात्रभर ठणका थांबला नव्हता.

"आईला कां नाहीं सांगितलंस?" आम्हीं विचारलें.

"ती म्हणाली असती, मामा सांगत होते तेंच झालं."

आमच्यावर अनेकांनीं टीका केली आहे. कांहींनीं ती छापूनहि आणली आहे. इतक्या थोड्या शब्दांत कोणीं केली नव्हती.

सुदैवानें अशा वेळीं आमच्या घरांत विचार करण्याचें काम आमच्याकडे नसतें. सौभाग्यवतींनीं तोंवर शेजारच्या गल्लींतील त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावलाहि होता. दवाखाना रविवारीं बंद, परंतु दोन वाक्यें ऐकतांच त्या म्हणाल्या, "मी खालीं येऊन दार उघडतें. वाटेंत कुठं थांबूं नका."

या बाई चाळिशीच्या आंतल्या, बोलण्यांत तुटक. त्यांचा पहिला प्रश्न कातडीविषयीं नव्हताच. "नीट दिसतंय? एक डोळा झांका. आतां दुसरा. डोळा दुखतो? डोकं?" सर्व ठीक आहे असें कळल्यावर त्यांनीं भाचीच्या ओठावर बोट दाबून उचललें. निरोगी कातडी दाबली कीं पांढरी होते व बोट उचलतांच दोनएक सेकंदांत तिचा रंग परत येतो. डाव्या बाजूस तो तसा आला. उजव्या बाजूस येईना. आम्ही पाहत उभे होतों. तो येण्यास इतका वेळ लागला कीं आमचाच श्वास कोंडला. एखाद्या लहानशा रक्तवाहिनींत तें भरण गेलें होतें, किंवा बाहेरून तिला चेपीत होतें. पुढच्या कातडीस रक्त मिळत नव्हतें, आणि बर्फानें तर उरलीसुरली वाट आणखी आकसली होती.

"काय टोचलं?" डॉक्टरीणबाईंनीं विचारलें.

भाचीस माहीत नव्हतें. हजारों लोकांच्या कर्जाचे कागद तपासणारी, करारांतलीं बारीक अक्षरें वाचल्यावांचून सही करूं नका म्हणून खातेदारांस बजावणारी ही मुलगी. आणि स्वतःच्या तोंडांत काय घालीत आहेत हें तिनें विचारलें नव्हतें. "लाज वाटली," ती म्हणाली. "लवकर उरकावं आणि कुणी पाहायच्या आंत घरी जावं, असं झालं होतं."

सौभाग्यवती तात्काळ रिक्षा करून त्या पार्लरकडे गेल्या. तेथें काय संभाषण झालें तें त्यांनीं आम्हांस अद्याप पुरतें सांगितलेलें नाहीं. परंतु पाऊण तासानें त्या परतल्या तेव्हां त्यांच्या हातांत कचऱ्याच्या टोपलींतून काढलेलें एक चुरगळलेलें खोकें होतें. डॉक्टरीणबाई मात्र खोक्याची वाट पाहत बसल्या नव्हत्या. त्यांनीं कपाटांतून एक छोटी बाटली काढली. तींत १५०० युनिटांचें पांढरें चूर्ण होतें. तें त्यांनीं सलाइनच्या पाण्यांत विरघळविलें आणि जाळें उठलेल्या साऱ्या भागांत ठिकठिकाणीं टोचलें. मग चोळणें, कोंबट पाण्याची पट्टी, ॲस्पिरिनची एक गोळी. तासाभरानें पुन्हां बोट दाबून पाहणें, पुन्हां बाटली, पुन्हां सुई. असें त्या दिवशीं तीन वेळां झालें. तिसऱ्या खेपेनंतर बोट उचलतांच ओठ लाल झाला, तेव्हां बाईंनीं प्रथमच खुर्ची ओढून घेतली व चहा मागविला.

त्या चहाच्या वेळीं आम्हांस जें ज्ञान झालें, तें येथें सांगतों. सध्यां सर्वांत अधिक वापरांत असलेलें भरण म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड. या नांवांतला पहिला भाग कांच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. कारण १९३४ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत कार्ल मायर व जॉन पामर यांनीं हा पदार्थ प्रथम वेगळा काढला, तो गुरांच्या डोळ्यांतील कांचेसारख्या पारदर्शक रसांतून. आपल्याहि कातडींत, सांध्यांत, डोळ्यांत तो असतोच. त्याचें दाट जेल करून तें बारीक सुईनें कातडीखालीं भरतात. त्यापूर्वीं म्हणजे १८९९ पासून पॅराफिन होऊन गेलें. १९८१ सालीं अमेरिकेच्या सरकारी औषधखात्यानें गाईच्या कातडींतील कोलॅजेनला परवानगी दिली, पण तें कित्येकांस सोसत नसे म्हणून आधीं हातावर टोचून परीक्षा घ्यावी लागे. हायल्युरॉनिक ॲसिडच्या जेलला तेथें २००३ सालीं मान्यता मिळाली. याचा सर्वांत मोठा गुण तें टिकतें हा नसून तें काढतां येतें हा आहे. हायल्युरॉनिडेज नांवाचें एक पाचकद्रव्य त्याला विरघळवून टाकतें. बाटलींतलें तें चूर्ण हेंच. हें द्रव्य मधमाशीच्या व कित्येक सापांच्या विषांतहि असतें. विष अंगांत लवकर पसरतें याचें एक कारण तेंच. आणि म्हणूनच ज्यास मधमाशीच्या दंशाचें वावडें आहे त्यानें तें आधीं सांगावें लागतें.

"खोक्यावर दुसरंच कांहीं निघालं असतं तर?" आम्हीं विचारलें.

"तर ही बाटली उपयोगाची नव्हती," बाई म्हणाल्या. पातळ सिलिकोन टोचणारे लोक अजून आहेत. त्यावर उतारा नाहीं, तें बाहेर काढावयाचें तर चाकू लागतो.

आमचा पुढला प्रश्न डोळ्याविषयीं होता. ओठाशीं सुई टोचल्यावर दृष्टीची चौकशी कशास? यावर त्यांनीं औषधांच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनें एक चेहरा काढला, आणि त्यावर रक्तवाहिन्या. चेहऱ्याच्या मध्यभागीं त्या एकमेकींस मिळालेल्या असतात. नाकाच्या बगलेनें वर चढणारी वाहिनी डोळ्याच्या कोपऱ्याशीं दुसरीस भेटते, आणि भुंवयांच्या मधल्या वाहिन्या तर डोळ्यामागील मुख्य वाहिनींतूनच बाहेर आलेल्या असतात. सुईचें टोंक चुकून वाहिनींत गेलें आणि वरून जोरानें दाब पडला, तर जेल रक्ताच्या उलट दिशेनें मागें मागें जातें. दाब निघाला कीं रक्त त्यास पुन्हां पुढें लोटतें, पण या वेळीं वाट डोळ्याच्या पडद्याकडची असूं शकते. पडद्यास रक्तावांचून तास-दीड तासापलीकडे दम निघत नाहीं. मग ती दृष्टि बहुधा परत येत नाहीं. असें क्वचित् होतें. परंतु जगांत झालेलें आहे, आणि भुंवयांच्या मधली जागा, नाक, नाकपुडीच्या बगलेची खांच व कपाळ हीं त्याचीं घरें आहेत. पेन्सिलीचें टोंक त्यांनीं भुंवयांच्या मध्यें टेकविलें.

तें टोंक पाहतांच आम्हांस एकदम दुसरेंच एक चित्र आठवलें. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत हिंदुस्थानांतून आलेलें एक पत्र छापलेलें आहे. कावसजी नांवाचा मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईंत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकीत होता. तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडविला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा फिरला. पुढें पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. त्यानें मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून मापाचा केला, तो उलगडून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेनें रेघ ओढली, आणि तेवढी कातडी सोडवून खालीं वळवून नाकाच्या जागीं बसविली. सांधा धरावा म्हणून पाण्यांत भिजविलेला कात फडक्यांच्या पट्ट्यांवर पसरून लावला. पण सर्व कातडी त्यानें सोडविली नाहीं. भुंवयांच्या मध्यें एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेविली, आणि नवें नाक जिवंत धरल्याची खात्री झाल्यावर, सुमारें पंचविसाव्या दिवशीं, ती कापली. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर हें पाहण्यास हजर होते. त्या पत्रांत त्यांचीं नांवें आहेत, कुंभाराचें नाहीं.

हें पत्र आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! पुण्याच्या पोरांनीं माना ताठ कराव्यात एवढाच त्याचा उपयोग आम्ही करीत असूं. ती पट्टी कशासाठीं ठेवली होती याकडे आम्हीं कधीं लक्ष दिलें नव्हतें. डॉक्टरीणबाईंच्या पेन्सिलीखालीं ती वाहिनी होती. ज्या वाहिनीच्या आधारावर कावसजीचें नाक पंचवीस दिवस जगलें, तीच आज घाईच्या हातांत डोळा नेणारी ठरते. त्या कुंभारानें कधीं शरीरशास्त्राचें पुस्तक पाहिलें नसेल. परंतु रक्त कोठून येतें हें ठाऊक झाल्यावांचून त्यानें हत्यार उचललें नाहीं, आणि पंचवीस दिवस वाट पाहण्याचा धीर त्याच्याजवळ होता. वीस मिनिटांच्या सवलतीशीं त्याची तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतों.

भाचीस पुढें आठ दिवस रोज जावें लागलें. एके दिवशीं तिच्याबरोबर आम्ही बसलों असतां कोपऱ्यांतील एका गृहस्थांनीं वर्तमानपत्र फारच उंच धरलेलें दिसलें. तें उलटें होतें म्हणून आमचें लक्ष गेलें. पानाआडून निघाले ते आमच्याच महाविद्यालयांतून निवृत्त झालेले गणिताचे प्राध्यापक! स्कूटरच्या एका जुन्या अपघातांत त्यांच्या डाव्या गालास मोठा खळगा पडला होता, तो आम्हीं वीस वर्षें पाहत आलों होतों. किंबहुना विद्यार्थी त्यांना ज्या नांवानें ओळखत तें नांवहि त्या खळग्यावरूनच पडलेलें, आणि तें कोणीं पाडलें हें येथें न सांगितलेलें बरें. आम्ही दोघेहि ओशाळलों. मग तेच म्हणाले, "आलांच आहांत तर आंत येऊन बसा. सोबत होईल." डॉक्टरीणबाईंनीं त्यांना स्वतंत्रपणें पुन्हां विचारलें, आणि आम्हांस भिंतीशीं एक स्टूल दिलें.

त्यांची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेस ते हृदयासाठीं रोज घ्यावयाची रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनानें बंद करून आले होते, सुईनें काळेंनिळें होऊं नये म्हणून. बाईंनीं त्यांची चांगली कानउघाडणी करून आधीं हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलें. दुसऱ्या खेपेस बोलतां बोलतां निघालें कीं आठवड्यापूर्वीं दाढ काढली आहे. दांताच्या कामांत जंतु रक्तांत शिरतात, ते नव्या भरणाशीं जाऊन बसूं नयेत म्हणून दोहोंत निदान दोन आठवडे जाऊं द्यावे, असें सांगून पुन्हां परत. "गणितांत मी इतक्या वेळां कोणाला नापास केलं नव्हतं," ते म्हणाले.

त्या दिवशींहि सुई हातीं येण्यापूर्वीं अर्धा तास गेला. कशाकशाचें वावडें आहे? मधमाशी चावली होती का कधीं? सांध्यांचा, थायरॉइडचा, शरीर स्वतःवरच उलटतें असा कांहीं विकार? ओठावर जर येतो का? पूर्वीं कोणी कांहीं भरलें आहे का, आणि काय? तोंडावर कोठें पुटकुळी, गळूं? मग फोटो. मग संमतीचा कागद. त्यांत कातडी मरण्याचा व दृष्टि जाण्याचा उल्लेख स्पष्ट अक्षरांत होता, आणि बाईंनीं तो त्यांजकडून मोठ्यानें वाचून घेतला. मग साबणानें तोंड धुणें, जंतुनाशकानें दोनदां पुसणें, तेंहि डोळ्यांपासून दूर धरून. खोकें त्यांच्यासमोर फोडलें; मुदत दाखविली; आंतील चिकटपट्टीवरचा क्रमांक एक त्यांच्या कागदावर व एक बाईंच्या वहींत डकविला. एका मिलिलिटरची ती नळी एकाच माणसाची. उरलेलें दुसऱ्यासाठीं ठेवणें म्हणजे एकाचें रक्त दुसऱ्यास देण्यासारखेंच. शेजारच्या ताटलींत ती चूर्णाची बाटली, सलाइन, ॲड्रेनॅलिन. भिंतीवर नेत्रशल्यविशारदाचा फोन मोठ्या आंकड्यांत.

सुई म्हणून जी वापरली ती टोंकदार नव्हती. बोथट तोंडाची लवचिक नळी होती. ती वाहिनीस भोसकण्याऐवजीं बहुधा बाजूस सारते. "बहुधा," बाई पुन्हां म्हणाल्या. दट्ट्या आधीं मागें ओढून रक्त येतें का तें त्यांनीं पाहिलें. "नाहीं आलं, म्हणून निर्धास्त व्हायचं नाहीं, हें जेल इतकं दाट असतं कीं वाहिनींत असूनहि रक्त दिसत नाहीं कधीं कधीं." यानंतर जें झालें त्यास आम्ही टोचणें म्हणण्यास कचरतों. एक दशांश मिलिलिटर जाण्यास जो वेळ लागला, त्यांत आमच्या हातून एखादी कविता शिकवून झाली असती. हात थांबत होता, सरकत होता, पुन्हां थांबत होता. आणि बाईंची दृष्टि हाताकडे नव्हतीच, ती गालाच्या रंगाकडे होती. मध्येंच त्या विचारीत, "दुखतंय? दिसतंय ना?" एकदां गालाचा एक भाग किंचित् फिका वाटतांच त्यांनीं नळी बाहेर काढली, बोट दाबलें, उचललें, मोजलें. रंग आला. तरी त्या बाजूस त्या दिवशीं पुन्हां गेल्या नाहींत. खळगा पुरता भरला नव्हता. उरलेला महिन्यानें पाहूं, असें म्हणून त्यांनीं हातमोजे काढले. अर्धा तास बसवून ठेवून गृहस्थांस सोडलें, तेव्हां खिशांत एक कागद दिला: आज व्यायाम नको, मद्य नको, गाल चोळणें नको; आणि कातडी पांढरी वा जाळीदार झाली, दुखणें वाढलें, दिसण्यांत कांहींहि फरक पडला, तर रात्रीं दोन वाजतां असला तरी या आंकड्यावर फोन.

भारतांतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनें याविषयींचे नियम २००८ सालींच छापले आहेत. त्याच सुमारास इतर देशांतहि झाले. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून वैद्यकी करणें हा गुन्हा आहेच. सुईवांचून दाबानें जेल आंत लोटणारीं पेनें विकत घेऊं नका, असें अमेरिकेच्या औषधखात्यानें २०२१ सालीं बजावलें. कागदाची उणीव कोठेंच नाहीं. आमच्या भाचीस त्यांतला कोणताहि कागद कळण्यासारखा नव्हता असें नव्हे. पण जी गोष्ट लपून करावयाची तिच्याबद्दल कोणी चौकशी करीत नाहीं. चौकशी करावयास दुसऱ्या माणसाजवळ तोंड उघडावें लागतें. तिनें तें एकदां उघडलें होतें, भाऊबीजेच्या पानावर, आणि आम्हीं त्यांत म्युनिसिपालिटी घातली.

त्या पार्लरविरुद्ध तक्रार करावी कीं नाहीं यावरून आमच्या घरांत दोन तट पडले. बहीण म्हणाली, "दादा, पोरीचं नांव चव्हाट्यावर येईल." आम्ही त्या बाजूस झुकत होतों, हें कबूल केलें पाहिजे. भाचीनें एके रात्रीं स्वतः अर्ज लिहिला आणि आम्हांस दाखविला. आम्हीं सवयीप्रमाणें लेखणी काढली. "मामा, भाषा नका सुधारूं," ती म्हणाली, "फक्त तारखा बरोबर आहेत का तेवढं पाहा." तारखा बरोबर होत्या. चौकशी अद्याप चालू आहे.

नाकपुडीच्या बगलेस तांदळाच्या दाण्याएवढी खपली धरली होती, ती पडली व तेथें एक बारीकसा खड्डा राहिला. तो भरून काढतां येईल का, असें तिनें डॉक्टरीणबाईंस विचारलें, तेव्हां बाई म्हणाल्या, "वर्षानं या. तेव्हांहि बहुतेक नाहींच म्हणेन."

यंदाच्या भाऊबीजेस तीच मंडळी पानांवर होती. थोरल्या पुतण्याची मुलगी यंदा कॉलेजांत गेली आहे. ती स्वयंपाकघराच्या दाराशीं भाचीस बाजूला घेऊन ओठांविषयीं कांहीं विचारीत होती, आणि भाची तिला फोनवरचे आपले ते जांभळ्या जाळ्याचे फोटो एक एक करून दाखवीत होती, तपशीलवार, दिवस व वेळ सांगून. आम्ही ऐकलें नाहीं असें दाखविलें. जेवतांना धाकट्या पुतण्याचा मुलगा ओरडला, "आजोबा, ती मेणाच्या नाकाची गोष्ट सांगा ना!" क्षणभर सर्वांचे हात थांबले. आम्हीं भाचीकडे पाहिलें.

"सांगा कीं मामा," ती म्हणाली. "पण पुरी सांगा."

तेव्हां आम्हीं पुरी सांगितली. डचेस झाल्यावर तिचा संसार मोडला. पुढें ती लोकांच्या दृष्टीआड एकटी राहूं लागली. १९६२ नंतरचीं वर्षें तिनें मनोरुग्णांच्या इस्पितळांत काढलीं, आणि तेथेंच १९७७ सालीं, शहाण्णव वर्षांची होऊन, ती वारली. मुलास गोष्टीचा हा भाग मुळींच आवडला नाहीं. त्यानें विचारलें, "पण तिला मेण टोचलं कोणी?" तें आम्हीं कधीं शोधलेंच नव्हतें.